नेरूळ ते बॅलार्ड पिअर: बोटीपेक्षा बोटीपर्यंतचा प्रवासच मोठा

आमच्या मुंबई-गोवा क्रूझचे फोटो सगळ्यांनी आधीच टाकून झालेत, डेकवरचा सूर्यास्त, बुफे, पूल वगैरे, त्यामुळे ते मी परत लिहीत नाही. बोट मस्त होती, जेवण ठीक होतं, गोवा होता तिथेच होता. मला लिहायचंय ते आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या गेटपासून बोटीच्या दारापर्यंतचं आणि मग परत येतानाचं, कारण बुकिंग करताना ह्याबद्दल कोणी एक अक्षर बोलत नाही.

आता गंमत बघा, आम्ही राहतो खाडीच्या काठावर. नेरूळला जेट्टी आहे, बेलापूरला जेट्टी आहे, फेब्रुवारी 2022 मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सीचं गाजावाजा करून उद्घाटन पण झालं होतं, तेव्हा आई म्हणाली होती आता काय, मुंबई अर्ध्या तासावर. पण आमच्या वेळेला जुळेल, चार माणसं आणि सहा डाग घेऊन जाईल आणि खिशाला परवडेल अशी बोट काही मिळाली नाही. म्हणजे पाण्यावर फिरायला जायचं तर आधी वाशीचा पूल ओलांडून, मानखुर्द चेंबूर करत, फ्रीवे धरून, सगळा रस्त्यानेच वळसा.

पहिला प्रश्न गाडीचा. स्वतःची गाडी न्यावी, तिथेच लावावी आणि आल्यावर घेऊन यावं असा साधा विचार होता. पेपरात वाचलेलं की नवीन क्रूझ टर्मिनलला तीनशेवर गाड्यांची पार्किंग आहे. तरी खात्री करावी म्हणून क्रूझवाल्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला तर बाई म्हणते, "सर, पार्किंग सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी आहे." आधी बुक करता येईल का? नाही. रात्रीचे किती घेतात? ते आमच्याकडे नसतं सर. मग नाही मिळाली तर काय करायचं? त्यावर होल्ड म्युझिक. मस्जिद बंदरजवळच्या एका खासगी पार्किंगवाल्याला विचारलं, तो म्हणाला लावा की, पण चावी माझ्याकडे ठेवायची. अहो, नवी गाडी आहे, हप्ते सुरू आहेत अजून. नाद सोडला आणि ॲपवरून कॅब बोलावली.

वाशीच्या टोलवर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर 2024 पासून टोल नाही, त्यामुळे तिथे सुळकन निघालो आणि मला उगाच वाटायला लागलं की आज दिवस आपला आहे. फ्रीवे संपला आणि पी डिमेलो रोडला उतरलो तिथे सगळं ठप्प. ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत बोगदा खणतायत ना, त्याचे निळे पत्रे, क्रेन, डंपर, आणि उरलेल्या रस्त्यात ट्रेलर. चेक-इनचा स्लॉट दीडचा होता आणि एक वाजून गेलेला. मुलगी दर दोन मिनिटांनी, बाबा बोट सुटली का?

आणि मग ड्रायव्हरने गाडी नेऊन कुठे उभी केली असेल? भाऊच्या धक्क्यावर! व्हाउचरवर कंपनीने नुसतं "क्रूझ टर्मिनल, मुंबई" एवढंच छापलेलं, आणि मॅपवर धक्क्याशेजारी डोमेस्टिक क्रूझ टर्मिनल आहेच, मांडव्याची रोरो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, जिथून सुटते ते. ड्रायव्हर बिचारा म्हणतो, साहेब लोकेशन तर इथलंच दाखवतंय. त्याचंही खरंच. समोर बर्फाचा ट्रक, चिखलपाणी, टोपल्या, आणि आम्ही टोप्या गॉगल घालून ट्रॉली बॅगा घेऊन उभे. एक कोळीण हसतच म्हणाली, "ती मोठी बोट नव्हं? ती तिकडं बॅलार्ड पिअरला, ग्रीन गेटला विचारा. हितनं मोरा न् रेवसच्या लाँची." आईला मात्र घाई नव्हती, तिचं म्हणणं, एवढं आलोच आहोत तर कोलंबीचा भाव तरी विचारू. बायकोने तिला हाताला धरून गाडीत बसवलं.

तर जाणाऱ्यांनी हे एक पक्कं लक्षात ठेवा, क्रूझ टर्मिनल दोन आहेत. मोठ्या बोटी लागतात ते बॅलार्ड पिअरला, आणि ड्रायव्हरला मॅप दाखवण्याऐवजी तोंडाने बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट असं सांगा.

टर्मिनलची इमारत खरंच देखणी आहे, त्याबद्दल वादच नाही. लाटांसारखं छत, मोठमोठ्या काचा, सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटन झालं, 556 कोटींचं काम. चेक-इन आणि इमिग्रेशन मिळून 72 काउंटर आहेत म्हणे. पण काउंटर बांधले म्हणून त्यामागे माणूस आपोआप उगवत नाही, तो कंपनीने बसवायचा असतो, आणि आमच्या कंपनीने बसवलेली पोरं एवढ्या गर्दीला कुठे पुरणार. बरं स्लॉट म्हणून जे दिलेलं, बाराचा, एकचा, दीडचा, ते कोणी बघतच नव्हतं. आम्ही घामाघूम होऊन दीडला पोचलो तर बाराच्या स्लॉटवाले आमच्या पुढे उभे आणि तीनवाले त्यांच्याही पुढे, कारण ते अकरालाच येऊन बसलेले. एका काकांनी आवाज चढवला तर कंपनीचा मुलगा म्हणतो, सर कोऑपरेट करा.

बॅगेचे टॅग घरून रंगीत प्रिंट काढून, घडी घालून, स्टेपल करून आणा असा मेल होता. मी रात्री साडेनऊला स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याला शटर अर्धं वर करायला लावून ते काढले होते. इथे हमालाने बॅग घेतली, माझा टॅग टरकन फाडला, खिशातल्या बंडलातला एक चिकटवला आणि स्केचपेनने केबिन नंबर लिहिला. संपलं.

लाइनीत असतानाच माइकवरून सांगितलं की बाहेरचं खाणं आत चालणार नाही. आईने पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केलेल्या, मोठा डबा भरून, वर लिंबाचं गोड लोणचं. टाकून द्यायच्या? ती म्हणाली मुळीच नाही, आणि तिथेच तिने डबा उघडला. पुढे डोंबिवलीचं एक कुटुंब, मागे ठाण्याचे दोन रिटायर्ड मास्तर, सगळ्यांना पुऱ्या, मास्तरांनी बदल्यात बाकरवडी काढली, तीही बाहेरचीच. खरं सांगू, सगळ्या ट्रिपमध्ये मला सगळ्यात चविष्ट लागलं ते ह्या लाइनीतलं. पुढे सिक्युरिटीला आईची पाणी तापवायची छोटी किटली काढून ठेवली, पावती दिली, परत येताना घ्या म्हणाले. आग लागू नये म्हणून तसल्या वस्तू बोटीवर नेऊ देत नाहीत, ते बरोबरच आहे, पण ते मेलमध्ये शेवटच्या पानावर बारीक अक्षरात का?

परत आलो तो रविवार, आणि खरी मजा तेव्हा. बॅगा शोधून, किटली सोडवून बाहेर आलो तर ॲपवर कॅब यायची, फोन करून विचारायचा "कहाँ जाना है", नेरूळ म्हटलं की कॅन्सल. एकामागून एक. काळीपिवळीवाल्यांनी मीटर झाकूनच ठेवलेला, नेरूळचे अठराशे सांगितले, वर बॅगांचे वेगळे. बरं मग सीएसएमटीला सोडा म्हटलं, लोकलने जातो, तर म्हणे इतक्या जवळचं नाही परवडत. नेरूळ लांब पडतं, सीएसएमटी जवळ पडतं, म्हणजे ह्यांना नेमकं दादरच पाहिजे असणार. शेवटी बॅगा ओढत चालत निघालो. बॅलार्ड इस्टेटचे रस्ते रविवारी रिकामे असतात, सावली छान असते, पण फुटपाथच्या फरशीवर ट्रॉलीचं एक चाक तुटलं ते तुटलंच.

आणि स्टेशनला मेगाब्लॉक. हार्बर बंद. प्रवाशांनी मेन लाइनने ठाण्याला जाऊन तिथून ट्रान्स हार्बर पकडावी अशी अनाउन्समेंट, आणि मेनलाही ब्लॉक असल्याने फास्ट गाड्या माटुंग्यापासून स्लोच्या ट्रॅकवर. घाटकोपरला एवढी गर्दी चढली की तुटक्या चाकाची बॅग मी मांडीवर घेतली. ठाण्याला उतरल्यावर नेरूळच्या गाडीसाठी पुलावरून पार पलीकडे, नऊ-दहा नंबरला जायचं असतं, ते जिने बघूनच आई पुलाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, मी काही आता चढत नाही, ताईला फोन लाव.

माझी ताई नौपाड्यात राहते, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. तिच्याकडे वरणभात जेवलो, आई तिथेच झोपली, आम्ही तिघं संध्याकाळी फक्त पाठीवरच्या सॅक घेऊन नेरूळला आलो. मोठ्या दोन बॅगा अजून तिच्या बाल्कनीतच आहेत, ती रोज फोन करून विचारते कधी नेतोस म्हणून.