कुलूप ओढून बघितलंस?

आपल्या शाळेच्या संगणक खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. आत एसी होता. लालबागच्या चाळीतून येणाऱ्या आम्हा पोरांना निम्मी ओढ त्या गारव्याचीच होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

१९९५ साली मी नववीत होतो. शनिवारी शाळा सुटल्यावर बाई टर्बो सी (सी भाषेत प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) शिकवत. चाचणीचे गुण फ्लॉपीवर लिहिणारा प्रोग्राम मी केला. चालवला, पडद्यावर ‘ओके’ उमटलं, मी ऐटीत घरी. सोमवारी बाईंनी फ्लॉपी लावली तर फाइलचं नाव होतं, आत शून्य बाइट! फ्लॉपी आधीच भरलेली होती.

“पण बाई, फाइलमध्ये लिहिणाऱ्या एफप्रिंटएफने काहीच तक्रार केली नाही!”

बाईंनी कपाटाला कुलूप अडकवलं. “लागलं?”

“लागलं.”

“ओढून बघितलंस?”

ओढलं, तर हातात आलं.

एफप्रिंटएफ मजकूर लगेच फ्लॉपीवर टाकत नाही, आधी मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. टर्बो सीत हा बफर ५१२ बाइटचा. माझी यादी त्याहून लहान, त्यामुळे खरं लिहिणं एफक्लोजच्या, म्हणजे फाइल बंद करण्याच्या, वेळीच झालं आणि जागा नाही हेही तेव्हाच उघड झालं. सगळं ठीक असेल तर एफक्लोज ० देतो, नाहीतर ईओएफ, म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण. त्याने ईओएफ दिलाही असणार. ‘ओके’ छापण्याआधी मी विचारलंच नव्हतं.

मग मी अतिशहाणपणा केला: ईओएफ आला तर पुन्हा एफक्लोज. बाईंनी कान धरला. बंद करणं फसलं तरी फाइलकडे बोट दाखवणारा तो पॉइंटर गेलाच. पुन्हा वापरला तर काय होईल याची हमी नाही. बंद केल्यावर त्यात नल, म्हणजे ‘कशाकडेच नाही’ अशी खूण, ठेवायचा आणि नल नसेल तरच एफक्लोज करायचं. मेमरी परत करणाऱ्या फ्रीला नल दिलेला चालतो, एफक्लोजला चालत नाही. यात मी पुढे नोकरीतही एकदा आपटलो.

आज अंधेरीला नव्या मुलांचा कोड तपासताना नुसतंच एफक्लोज दिसलं की मी समासात ‘कुलूप?’ एवढंच लिहितो. सुरुवातीला पोरं गोंधळतात.

स्मरणिकेचा मजकूर द्यायला परवा शाळेत आलो होतो. खोलीत आता नवे संगणक आहेत, कपाट मात्र तेच. सवयीने कुलूप ओढलं. उघडंच होतं. शिपाईमामांना सांगून आलोय.