भिंतीवर चौक का नाही?

मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी जमात वैधता प्रमाणपत्राचा, म्हणजे जमातीचा दाखला खरा असल्याचे तपासणी समिती देते त्या कागदाचा, अर्ज तिच्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत दाखल केला, तेव्हा हे काम कागदपत्रांपुरतेच असेल अशी माझी समजूत होती. आम्ही वारली, मूळ पाडा जव्हार तालुक्यातला, पण वडील कारखान्यात लागल्यापासून कळव्यातच राहतो. प्रांताधिकाऱ्यांचा जमातीचा दाखला, वंशावळ, प्रतिज्ञापत्र आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा १९४६ चा उतारा, ज्यात जातीच्या रकान्यात ‘वारली’ असे स्वच्छ लिहिले आहे, हे सारे अर्जासोबत जोडले होते.

अडले ते गृहचौकशीत. समितीच्या दक्षता पथकाकडून घरी आलेल्या गृहस्थांनी टीव्हीकडे आणि फ्रिजकडे नजर टाकली व पहिलाच प्रश्न विचारला, “वारली आहात, मग भिंतीवर चौक का नाही?” माझ्या आईने आजवर अनेक लग्नांत चौक, म्हणजे भिंतीवरचे चौकोनी चित्र, लिहिला आहे. तिने शांतपणे सांगितले की, चौक ही घराची नेहमीची सजावट नव्हे. तो लग्नात, गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने सवाशिणी लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून लग्न लावते. हे ऐकून घेतल्यावरही अहवालात शेरा आला तो असा: ‘कुटुंबात पारंपरिक चालीरीती आढळून येत नाहीत.’ आईला तो वाचून दाखवताना माझा आवाज कापत होता. जिच्या बोटांना अजून पिठाची सवय आहे, तिच्या वारलीपणावर शंका घेणारा तो कागद मी आजही विसरू शकलेलो नाही.

त्यानंतर कित्येक महिने खेटे आणि ‘फाइल साहेबांच्या टेबलावर आहे’ हे एकच उत्तर. प्रवेशाची तारीख जवळ येत होती. शेवटी कारणे दाखवा नोटीस आली, तेव्हा मी तोंडी वाद घातला नाही, लेखी खुलासा दिला. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्या प्रकरणात आप्तभाव चाचणी, म्हणजे चालीरीतींवरून जमातीशी नाते ताडून पाहणे, ही निर्णायक कसोटी नाही असे म्हटले आहे, आणि स्थलांतर व आधुनिकीकरणामुळे जमातीची जुनी लक्षणे बदलतात हे २०११ च्या आनंद खटल्यातही मान्य केले आहे, एवढे मी त्यात नमूद केले. अनुसूचित जमातींची यादी ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्याच्या आधीची नोंद हातात असेल तर तिलाच धरून राहावे, कारण तिचे वजन इतर कशापेक्षाही अधिक असते. चौकशी अहवालाची प्रत मागून घेणे हा आपला हक्क आहे, हे मला फार उशिरा कळले.

आणखी एक: पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला, त्यामुळे जव्हारकडचे जुने उतारे ठाण्यात शोधण्यात मी दोन आठवडे गमावले. थेट तालुक्याला जावे. आजोबांच्या नावात एका कागदावर ‘काळ्या’ आणि दुसऱ्यावर ‘काळू’ होते. त्यासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे.

प्रमाणपत्र प्रवेशाची मुदत संपण्याच्या चार दिवस आधी मिळाले. धाकट्याच्या अर्जासाठी आता वडिलांकडच्या रक्तनात्यातली वैधता म्हणून बहिणीचे प्रमाणपत्र जोडता येईल, म्हणून त्या प्रमाणपत्राच्या तीन साक्षांकित प्रती त्याच दिवशी काढून आईच्या पेटीत ठेवल्या.