टू-स्टेपची नोंद: ब्रोकन स्पोकमधली शुक्रवारची रात्र

टू-स्टेप म्हणजे कंट्री संगीतावर जोडीनं फ्लोअरभर फिरत करायचा नाच. या खेपेला त्यातला नवा टर्न एकही शिकलो नाही. रॅप, स्वीटहार्ट, अंडरआर्म सगळं बाजूला ठेवलं आणि टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या ब्रोकन स्पोक या डान्स हॉलमध्ये जाऊन रात्रभर नुसते चाललो. क्विक-क्विक-स्लो-स्लो, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं, फेरीमागून फेरी. बायकोला आधी हे कंटाळवाणं वाटलं होतं. घरी परतताना गाडीत तिचंच बोलणं थांबत नव्हतं.

ज्यांनी ही जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साउथ लामार रस्त्यावर दोन्हीकडे चकाचक अपार्टमेंट उभी राहिलीत आणि त्यांच्या बेचक्यात ही लाल, बुटकी इमारत. जेम्स व्हाइट यांनी १९६४ साली ती सुरू केली. २०२१ मध्ये ते गेले, पण जागा अजून तशीच चालू आहे. बॉब विल्स, विली नेल्सन असे कंट्री संगीतातले मोठे कलाकार इथे वाजवून गेलेत. कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेटसुद्धा नाव होण्याआधी आपल्या एस इन द होल बँडबरोबर इथे यायचा. आत छत खाली, फ्लोअर लांबट आणि अरुंद, दोन्ही कडांना टेबलं आणि टोकाला बँड. लाइन डान्सला, म्हणजे जोडीदाराशिवाय रांगेत करायच्या नाचाला, इथे मज्जाव आहे. फ्लोअर बघितला की ते पटतं, मध्येच रांगा लावून कोणी उभं राहिलं तर फिरणाऱ्यांनी जायचं कुठून?

आता मुद्द्याचं. टू-स्टेपचं आवर्तन सहा मात्रांचं. क्विक एकेक मात्रेचे, स्लो दोन-दोन मात्रांचे. गाणं मात्र चार-चारच्या हिशेबात चाललेलं. म्हणजे पावलं आणि गाणं एकदा समेवर भेटली की पुन्हा भेटणार बारा मात्रांनी. लहानपणी तबला शिकलेल्याला हे समजायला सोपं, पण अंगवळणी पडायला भलतंच अवघड. कान सारखा सम शोधतो. सम आली की पाय पहिला क्विक टाकायला धावतो, आणि तिथे नेमका स्लो चालू असतो.

मुरलेल्या जोड्यांना समेची पर्वाच नसते. त्यांचं सगळं लक्ष स्लोवर. आमच्या पुढे एक आजी-आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे. आजोबांची कडक इस्त्रीची जीन्स, करडी फेल्ट हॅट. मी त्यांच्या बुटांकडेच बघत होतो. मी स्लोचं पाऊल पहिल्या मात्रेतच टाकून मोकळा होतो आणि दुसरी मात्रा ताटकळत काढतो. त्यांचा बूट जमिनीला घासत पुढे येई, मग वजन टाचेवरून चवड्यावर सावकाश जाई आणि दुसरी मात्रा संपता संपता मागचा पाय आपसूक सुटे. गुडघे सैल. हॅट वरखाली अजिबात होत नव्हती.

"अगं, यांच्या मागेच राहू या," मी म्हटलं.

"राहू, पण आधी मोजणं बंद कर. तुझे ओठ हलतायत."

मोजणं बंद केलं. पुढच्या एका संथ शफलमध्ये, म्हणजे झुलत्या ठेक्याच्या गाण्यात, स्लो पहिल्यांदा दोन्ही मात्रा भरून पडला. पायांना ते आधी कळलं, डोक्याला नंतर.

फ्लोअरच्या रीतीबद्दल, नव्यांसाठी. बाहेरची लेन वेगात जाणाऱ्यांची, आतली संथ चालणाऱ्यांची. एका जागी स्विंग करायचा असेल तर मधोमध. सगळ्यात जास्त गर्दी होते दोन्ही टोकांच्या वळणांवर. तिथे थांबायचं नाही, पाऊल आखूड करायचं. पुढची जोडी अडली तर जागच्या जागी वजन बदलत राहायचं, लय मोडू द्यायची नाही. हे जमलं की धक्के आपोआप कमी होतात.

बूट: रबरी तळवा या नाचाला नको. टर्नमध्ये पाय चिकटतो आणि पीळ गुडघ्याला बसतो. चामडी तळव्याचे, बुटक्या टाचेचे रोपर (काउबॉय बुटांचा एक प्रकार) घ्या, आणि कोरे असतील तर आधी रस्त्यावर थोडे घासून घ्या. नाहीतर घसराल.

मध्येच वॉल्ट्झ लागला की जीव भांड्यात पडतो, तिथे पाऊल आणि सम दर तीन मात्रांनी भेटतात. वॉल्ट्झ आणि पोल्का टेक्ससच्या डान्स हॉलमध्ये मुरले ते इथे वसलेल्या जर्मन आणि चेक लोकांमुळे. कॉटन-आयड जो हे रांगेनं नाचायचं जुनं गाणं लागलं तेव्हा अनोळखी माणसंसुद्धा एकमेकांच्या कमरेत हात घालून रांगा करून फ्लोअरभर फिरली. लाथा झाडायच्या, मागे सरकायचं, पुढे निघायचं. कौशल्य फारसं लागत नाही, दम लागतो.

त्याच आजोबांनी नंतर हिला नाचायला विचारलं. इथे रीत अशी की एक गाणं नाचायचं, आभार मानायचे आणि जोडीदाराला तिच्या टेबलापर्यंत सोडायचं. परत आल्यावर ती म्हणाली, "पाठीवर त्यांचा हात होता, पण एकदाही ढकललं नाही. त्यांची छाती पुढे आली की मी आपोआप मागे. तू हातानं गाडी चालवतोस."

पुढच्या नाचात मी उजवा हात तिच्या पाठीवर नुसता ठेवला आणि लीड, म्हणजे कुठे जायचं याचा इशारा, धडातून द्यायचा प्रयत्न केला. सरळ पट्ट्यात जमलं. वळणावर हात पुन्हा जोर लावायला लागला.

सध्याची स्थिती: मिनिटाला १७० ठोक्यांपर्यंत स्लो पूर्ण पडतो, १९० च्या पुढे आम्ही तो खातो. टर्न अजून महिनाभर बंद. घरी १६० ला हात खाली सोडून, फक्त धडानं पुढे-मागे जायचा सराव चालू केलाय, सोफा भिंतीला लावून. त्यानंतर न्यू ब्राउनफेल्समधल्या ग्रीन हॉल या जुन्या डान्स हॉलला जायचंय. तो हॉल १८७८ चा, फ्लोअर लाकडी. तिकडे नियमित जाणारं कोणी असेल तर चामडी तळवे त्या लाकडावर कितपत सरकतात ते सांगा.