शेवटची पायरी श्रोत्याला चढू द्या

भाषण पटतं तेव्हा ऐकणाऱ्याने त्यातलं एक वाक्य मनातल्या मनात स्वतः पूर्ण केलेलं असतं. वक्तृत्वावर बोलताना आवाज, हातवारे, अलंकार, अवतरणं यांचीच चर्चा जास्त होते. मला मात्र या एका कसबाबद्दल लिहायचंय, कारण बाकीचं सगळं त्याच्या आधाराने उभं राहतं.

अ‍ॅरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी हे नेमकं टिपलं होतं. सभेतला युक्तिवाद तर्कशास्त्रातल्यासारखा पूर्ण मांडायचा नसतो. श्रोत्यांना आधीच मान्य असलेला दुवा गाळायचा, तो ते स्वतः भरतात. आपल्याकडच्या न्यायदर्शनात अनुमानाचे पाच अवयव आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथे अग्नी आहे. वादात प्रतिपक्षाला सुटायला फट राहू नये म्हणून हे पाचही लागतात. सभेत एवढं सगळं म्हणत बसलात तर तिसऱ्या अवयवाला लोक मोबाइल काढतील. तिथे धूर दाखवायचा आणि थांबायचं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच नाशिक जिल्ह्यात घडलं. काळाराम मंदिर सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला. पाच वर्षं उलटली तरी मंदिराची दारं दलितांसाठी उघडली नव्हती. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. आशय असा, की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. वाक्याचे दोन भाग बघा. जन्म हातात नसतो, हे कोणीही नाकारू शकत नाही. दुसऱ्या भागात निर्णय आहे. पण मधलं वाक्य, म्हणजे जे हातात आहे तेही आपण बदललं नाही तर त्याची जबाबदारी आपली, ते कुठेच नाही. ते समोरच्या प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यावरून भरलं. शिवाय घोषणेच्या आधी त्या भाषणात मंदिरप्रवेशाच्या लढ्याचा आढावा होता. तो नसता तर हेच वाक्य नुसतं धक्का देऊन गेलं असतं.

केसरीने 1897 साली विचारलेला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा प्रश्नही याच जातीचा. ‘नाही’ हे उत्तर वाचकानेच दिलं. प्रश्न टाकताना हेच तपासायचं असतं: उत्तर समोरच्यांकडे तयार आहे का, आणि सगळ्यांचं एकच आहे का? दोन उत्तरं निघू शकत असतील तर तो प्रश्न सभेत विचारू नये.

एक लहान उदाहरण जवळून बघू. निफाड किंवा चांदवड तालुक्यातल्या एखाद्या गावात कांदा उत्पादकांची बैठक आहे. प्रतवारी करूनच, म्हणजे गोल्टी (बारीक कांदा) वेगळी काढूनच माल बाजारात न्यावा, हे वक्त्याला पटवायचंय. नेहमीचं वाक्य असं: ‘आजच्या स्पर्धेच्या युगात गुणवत्तापूर्ण माल ही काळाची गरज आहे.’ माना डोलतात आणि दुसऱ्या दिवशी ट्रॉली होती तशीच भरली जाते. आता हे बघा:

‘लिलावात व्यापारी काय बघतो? वरचा थर. त्याच्या खळ्यावर ट्रॉली खाली होताना काय दिसतं? तळ. तळाला गोल्टी निघाली, की समजा क्विंटलमागे दीडशे कापले. ट्रॉलीत तीस क्विंटल. करा हिशेब.’

इथे थांबायचं. तीन सेकंद तरी. माइकसमोर तीन सेकंद फार लांब वाटतात, म्हणून बहुतेक वक्ते घाईने ‘म्हणजे साडेचार हजार’ असं स्वतःच सांगून टाकतात. तो आकडा मागच्या रांगेतून यायला हवा. आणि तो यायचा तर गुणाकार तोंडी जमणारा हवा. एकशे सदतीस गुणिले साडेअठ्ठावीस दिलात तर लोक हिशेबात अडकतील आणि मुद्दा हातचा जाईल. आकडा ऐकणाऱ्याच्या मापातही हवा: जिल्ह्याचं नुकसान लाखो क्विंटलमध्ये सांगितलं तर ते कुणाचंच नसतं, ट्रॉलीचं सांगितलं तर त्याचं स्वतःचं होतं. कपात मात्र खरीच सांगावी, ताज्या हिशेबपट्टीवरची. दीडशे म्हणालात आणि गावाला शंभरची माहिती असली, तर पुढचं भाषण वाया गेलं.

याच बैठकीत ‘तळाला गोल्टी घालतं कोण?’ असं विचारलं तर काय होईल? प्रत्येकाचं उत्तर ‘मी नाही’. मग नजरा शेजाऱ्याकडे वळतात, कुणीतरी नाव घेतं आणि बैठक भांडणात संपते. विषय तोच, पण श्रोत्याने भरायची जागा चुकीची सोडली.

कोण बोलतंय यावरही ही जागा भरली जाते की नाही ते ठरतं. स्वतःची कापली गेलेली हिशेबपट्टी दाखवणाऱ्या शेतकऱ्यासाठी लोक ती लगेच भरतात. कांदा न पिकवणाऱ्या पाहुण्याला आधी दोन मिनिटं खर्चून सांगावं लागतं, की हे त्याला कुठून कळलं. दुर्दैवाने तीच दोन मिनिटं ‘व्यासपीठावरील सन्माननीय...’ यात जातात, आणि दोनाची दहा होतात. दोन नावं घ्या, बाकीच्यांना एकत्र नमस्कार करा. सुरुवातीला श्रोते सर्वांत ताजे असतात.

हे शिकायचं असेल तर वारकरी कीर्तन ऐकावं. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात, तेव्हा कीर्तनं भरपूर ऐकायला मिळतात. कीर्तनकार प्रमाण म्हणून ओवी किंवा अभंग उचलतात, पहिला अर्धा चरण म्हणतात आणि सोडतात. उरलेला टाळकरी पूर्ण करतात, त्यांच्यामागे सगळा मंडप. स्वतःच्या तोंडून निघालेल्या ओळीला माणूस सहसा विरोध करत नाही. प्रत्येक चरणाच्या निरूपणानंतर बुवा ध्रुपदावर, म्हणजे अभंगाच्या पालुपदावर परत येतात, म्हणून ज्याचं मधे लक्ष उडालं त्यालाही परत शिरायला दार मिळतं. भाषणातही मुख्य वाक्य तीन-चार वेळा, त्याच शब्दांत, परत यावं. लेखात मात्र हे खटकतं. वाचक मागे जाऊन वाचू शकतो, ऐकणारा नाही.

उघड्या मैदानात कर्ण्याचा आवाज घुमतो, तेव्हा वेग उतरवा आणि वाक्यं लहान ठेवा. लांब वाक्यातलं क्रियापद पोहोचेपर्यंत मराठी श्रोत्याला ‘आहे’ की ‘नाही’ तेच कळत नाही. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून शेवटचा वक्ता असाल तर शेवटची मागणी आधीच लिहून ठेवा. कापाकापी मधल्या भागात करा. मागणीही नेमकी हवी. ‘सर्वांनी सहकार्य करावे’ यावर कुणीच उठत नाही. ‘सोमवारी सकाळी नऊला, सातबारा घेऊन, ग्रामपंचायतीत’ यावर निदान काही जण येतात.

आता जे मला मनापासून खुपतं ते. हीच रिकामी जागा सर्वांत सहज वापरली जाते ती विष पेरायला. ‘गावात चोऱ्या वाढल्यात. बाहेरून कोण आलंय, मी सांगायला नको.’ वक्त्याने कुणाचं नाव घेतलं नाही, म्हणून त्याला पुरावाही द्यावा लागला नाही. नाव प्रत्येकाने आपापल्या मनातलं भरलं, आणि स्वतः भरलेलं असल्यामुळे ते खरंच वाटतं. पेठ तालुक्यातल्या पाड्यांवरून द्राक्षाच्या कामाला आलेली कुटुंबं अशा एका वाक्याने महिनाभर संशयाखाली राहू शकतात.

यासाठी भाषण लिहून झाल्यावर गाळलेलं प्रत्येक वाक्य समासात लिहून काढावं. कांद्याच्या भाषणात तिथे येईल: ‘गोल्टी वेगळी काढली तर ट्रॉलीमागे साडेचार हजार वाचतात.’ हे व्यापारी, शेतकरी, बाजार समितीचा सचिव, कुणाहीसमोर मोठ्याने म्हणता येतं. चोरीच्या भाषणात येईल: ‘चोऱ्या या मजुरांनी केल्या.’ हे वाक्य त्या मजुरांना पहिल्या रांगेत बसवून, पुराव्यासकट म्हणता येत नसेल, तर त्याच्याकडे नेणारी आधीची दोन्ही वाक्यं भाषणातून काढून टाकावीत. श्रोत्यांमध्ये बसलेल्यालाही हे करता येतं: वक्ता ‘मी सांगायला नको’ म्हणाला, की हात वर करून म्हणायचं, ‘सांगा.’