डॉकमधलं नागडं पान

"ताई, ॲपमध्ये पान नागडं येतंय."

सोमवारी सकाळी न्हावा शेव्याच्या एका सीएफएसमधून (बंदराजवळचं कंटेनर ठेवायचं यार्ड) आलेला हा फोन. यादी उघडली की वरचा मेन्यू नाही, रंग नाहीत, बटणं नाहीत. कंटेनर नंबर, तारखा, वजनं सगळं एकामागे एक धावत सुटलेलं. चार अक्षरं आणि सात आकडे असा कंटेनर नंबर त्या गर्दीतून शोधायचा आणि बाहेर ट्रेलरवाला हॉर्न वाजवतोय. पोरगा वैतागला होता, पण बोलला नेमकं.

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग फर्मचं, म्हणजे आयात माल कस्टममधून सोडवून देणाऱ्यांचं, सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा अर्ज) फाइल झालं का, ड्युटी भरली का, आऊट ऑफ चार्ज (माल न्यायची परवानगी) मिळालं का, हे त्यात दिसतं. जँगो या वेब फ्रेमवर्कवर, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यावर, लिहिलेलं आहे आणि पानं सर्व्हरवरच तयार होतात. ऑफिसातली माणसं ती ब्राउझरमध्ये बघतात, डॉकवाली पोरं अँड्रॉइड ॲपमध्ये. ॲप म्हणजे तरी काय, आत वेबव्ह्यू, म्हणजे ॲपमधला छोटा ब्राउझर, बसवलाय आणि तो तीच पानं दाखवतो.

शनिवारी रात्री आम्ही जँगो ३.२ वरून ४.२ वर गेलो होतो, त्यामुळे संशयित कोण हे उघड होतं. पण ऑफिसातल्या एकाही संगणकावर काही बिघडलं नव्हतं. मी त्या पोराला म्हटलं, "दादा, तेच पान फोनच्या क्रोममध्ये उघडा बरं." तिथे व्यवस्थित! फोन तोच, नेट तेच, लॉगिन तेच. ॲपमध्ये नागडं आणि क्रोममध्ये कपडे घातलेलं.

आमच्या यादीची एक जुनी खोड आहे. एकाच पत्त्यावर दोन उत्तरं मिळतात. पत्ता टाकून आलात तर अख्खं पान. पानातलं फिल्टर बदललंत तर जावास्क्रिप्ट, म्हणजे पानातच चालणारा कोड, गुपचूप तोच पत्ता मागते आणि सर्व्हर फक्त टेबलाच्या ओळी देतो. पोरांना दिसत होता तो हाच ओळींचा तुकडा. भोवती टेबल नसेल तर ब्राउझर ओळी-रकान्यांचे टॅग टाकून देतो आणि नुसता मजकूर ठेवतो, म्हणून ती धावाधाव. म्हणजे सर्व्हरला वाटत होतं, की ॲपमधून येणारी प्रत्येक मागणी स्क्रिप्टचीच आहे.

आता सर्व्हरला हे कळतं कसं? खरं तर कळत नाहीच. स्क्रिप्टने मागणी करायचा एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट हा प्रकार १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर आला, ‘एजॅक्स’ हे नाव त्याला २००५ मध्ये मिळालं, पण ‘मी स्क्रिप्टकडून आलोय’ असं सांगायची सक्ती एचटीटीपीने, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांनी, कधीच केली नाही. प्रोटोटाइप, जेक्वेरी अशा जावास्क्रिप्टच्या लायब्ररींनी आपणहून एक हेडर, म्हणजे मागणीबरोबर जाणारी चिठ्ठी, जोडायला सुरुवात केली: ‘एक्स-रिक्वेस्टेड-विथ’, आणि त्याची किंमत, म्हणजे त्यात लिहिलेला मजकूर, ‘एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट’. प्रथा पडली आणि फ्रेमवर्कवाले तिच्यावर विसंबले. जँगोत ‘इज-एजॅक्स’ नावाचं फंक्शन होतं, ते हेच हेडर बघायचं. ३.१ मध्ये, म्हणजे २०२० साली, त्यांनी ते कालबाह्य ठरवलं आणि ४.० मध्ये काढूनच टाकलं. माझ्या मते योग्यच केलं.

ते गेलं म्हणून आमच्या ज्युनियरने शनिवारी दोन ओळींचं स्वतःचं फंक्शन लिहिलं होतं. त्यात ‘हे हेडर आहे का’ एवढंच विचारलं होतं, त्यात काय लिहिलंय ते नाही. मी सर्व्हरच्या लॉगमध्ये हेडर छापून घेतले आणि डॉकवरून आलेल्या मागणीत ते सापडलं. किंमत मात्र वेगळी होती, आमच्याच ॲपचं पॅकेज-नाव! अँड्रॉइडचा वेबव्ह्यू याच नावाच्या हेडरमध्ये ॲपची ओळख पाठवतो, साध्या पानाच्या मागणीबरोबरसुद्धा. गेटवरच्या माणसाने पासवर शिक्का आहे एवढंच बघावं आणि शिक्का कोणाचा ते वाचूच नये, तसं झालं होतं. जुनं फंक्शन किंमत ताडून बघायचं, म्हणून इतकी वर्षं कोणाला पत्ता लागला नाही.

ज्युनियरचा चेहरा पडला. पण खरं सांगायचं तर हे वेबव्ह्यूचं प्रकरण मलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ओळ बदलली, सर्व्हरवर चढवली, डॉकवरून "आलं, आलं" असा निरोप आला आणि आम्ही चहा मागवला.

जेवणाची सुट्टी संपते न संपते तोच बॅलार्ड इस्टेटमधून काकांचा फोन. फर्ममधले सगळ्यात जुने क्लार्क, कस्टम हाऊसची प्रत्येक खिडकी पाठ असलेले. "अगं, ते तुझं नागडं पान माझ्याकडेपण आलंय."

माझ्या पोटात गोळा. दुरुस्ती चुकली की काय? काका तर साध्या संगणकावर, वेबव्ह्यूचा संबंधच नाही. मी विचारलं, "काका, त्याच्या आधी काय केलंत?"

"काही नाही. जेवून आलो, कंटेनरवर टिचकी मारली, तर नेहमीप्रमाणे त्या चौकटीत लॉगिन आलं. ते केलं, तर हे."

"चौकटीत लॉगिन?"

"हो, टेबलाच्या आत. गेले कित्येक दिवस येतंय. मला वाटलं, नवीन सोय केलीत तुम्ही."

लक्षण तेच, पण हा आजारच निराळा. तो तपशिलाचा स्क्रीन आमच्याकडे नवा होता आणि जेक्वेरी सोडून फेचने, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या मागणी-फंक्शनने, लिहिलेला. फेच ते हेडर पाठवतच नाही. म्हणून लिहिणाऱ्याने पत्त्याला एक शेपूट जोडून तुकडा मागितला होता. ते चालत होतं, पण लॉगिनची तपासणी मात्र जुन्या हेडरवरच चालायची. जेवणाच्या वेळात सेशन, म्हणजे लॉगिनची मुदत, संपलं की जेक्वेरीवाल्या मागणीला सर्व्हर ४०१ (‘आधी लॉगिन करा’) द्यायचा. फेचवालीला साधं पान समजून ३०२ (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’) देऊन लॉगिनकडे पाठवायचा. फेच ते वळण मुकाट्याने घेतो, शेवटी २०० (‘सगळं ठीक’) हाती येतो आणि स्क्रिप्ट मिळालेलं अख्खं लॉगिनचं पान खुशाल टेबलात चिकटवते. तिथे लॉगिन केलं की परतीचा पत्ता शेपटीवाला, तुकड्याचा. झालं नागडं पान. शनिवारच्या बदलाशी त्याचा काही संबंध नव्हता. काकांनी आजवर कधी तक्रार केली नव्हती, इतकंच.

संध्याकाळी ज्युनियरशी बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, ‘सेक-फेच-मोड’ हे हेडर वापरू. ब्राउझर स्वतः लावतो, पानातल्या स्क्रिप्टला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. पत्ता टाकून आलेल्या मागणीत ‘नेव्हिगेट’ असं लिहिलेलं असतं. कल्पना चांगली होती. क्रोममध्ये हे २०१९ पासून आहे, सफारीत २०२३ मध्ये १६.४ बरोबर आलं. पण ते हेडर जातं फक्त एचटीटीपीएसवर (एचटीटीपीचा सुरक्षित प्रकार), नाहीतर स्वतःच्या मशीनवर. बॅलार्ड इस्टेटची मंडळी ऑफिसातल्या सर्व्हरचा आयपी साध्या एचटीटीपीने उघडतात. तिथे ते येणारच नाही. शिवाय ब्राउझरच्या बाहेरून कोणीही कुठलंही हेडर लिहून पाठवू शकतो, त्यामुळे परवानग्या तर यावर ठरवायच्याच नाहीत.

मग ओळखायचा खेळच बंद केला. तुकड्यांचे पत्ते वेगळे, पानांचे वेगळे. तुकड्याच्या पत्त्यावर सेशन नसेल तर नेहमी ४०१, मागणारा कोणी का असेना. आणि ४०१ मिळाला की स्क्रिप्ट अख्खी खिडकी लॉगिनकडे नेणार. शनिवारचं फंक्शन ज्युनियरने स्वतःच्या हाताने उडवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा परत फोन. चौकटीतली सोय का काढलीत? आता लॉगिन केलं की यादी पहिल्यापासून येते, लावलेलं फिल्टर जातं. तक्रार रास्त होती. परतीच्या पत्त्यात नुसती यादी जात होती, पत्त्याच्या मागचं फिल्टर गळत होतं. तेवढं जोडून दिलं आणि काकांना म्हटलं, आता जेवून या आणि बघा.