खिशातला मायक्रोमीटर आणि आठ पाउंडी तंगूस

मासे गरवायच्या बेटकास्टर रिळावर बारीक तंगूस भरायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो पाउंडाचा, म्हणजे तो किती वजनाला तुटेल त्याचा. सहाचा घालू की आठचा? मी गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर आहे, दिवसभर लेथसमोर उभा. त्या सवयीमुळे असेल, पण मला आधी जाडी बघावीशी वाटते. पाउंड हा मासा लागल्यानंतरचा प्रश्न. तोवर रिळाचं सगळं काम जाडीवर चालतं.

माझा भाचा फोंड्याला कॉलेजात आहे. अमेरिकेतल्या बास मासा गरवणाऱ्यांचे व्हिडिओ बघून त्याने आठ पाउंडी मोनोफिलामेंट, म्हणजे एकेरी नायलॉनचा तंगूस मागवला. वेष्टनावर जाडी छापलेली ०.२५ मिमी. त्याला म्हटलं, घेऊन ये शॉपवर. मायक्रोमीटर पुसला, शून्य तपासला, तंगूस मध्ये धरला आणि रॅचेट, म्हणजे ठरावीक दाबानंतर निसटणारी टोकाची मूठ फिरवली. रॅचेटच फिरवायची, हाताने आवळायचं नाही. नायलॉन मऊ, चेपलं की माप खोटं येतं. थोडं अंतर सोडून, धागा बोटात फिरवून पुन्हा पुन्हा माप घेतलं. ०.२८. एके ठिकाणी ०.२९ सुद्धा.

"फसवलं ना रे मामा?"

"फसवलं कुठे, उलट जास्त दिलंय. पण तू आठ म्हणून घेतलास आणि रिळावर चढणार दहा."

ताकद वाढते ती जाडीच्या वर्गाने. ०.२५ वरून ०.२८ वर गेलं की नायलॉन पाव हिश्शाने वाढलं. म्हणून पाउंडाच्या आकड्यावर दोन वेष्टनांची तुलना करण्यात अर्थ नाही. जपानी तंगुसावर 'गो' नावाचा आकडा असतो, तो बरा, कारण तो जाडीचाच आहे: २ म्हणजे ०.२३५ मिमी, ३ म्हणजे ०.२८५.

आता बारीक हवा कशाला? स्पिनिंग रिळात स्पूल, म्हणजे तंगूस गुंडाळलेली चकरी, गप्प बसतो आणि तंगूस त्याच्या तोंडावरून सुटत जातो. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतो, आणि त्याला फिरवतं कोण, तर हवेत उडालेलं आमिष. सात-आठ ग्रॅमच्या आमिषाने तो सगळा डोलारा हलवायचा. मी कागदावर हिशेब मांडला. नायलॉनची घनता १.१४ धरली तर ०.३५ मिमीचा शंभर मीटर तंगूस भरतो साधारण ११ ग्रॅम आणि ०.२८चा ७ ग्रॅम. चार ग्रॅमचा फरक, आमिषच सात ग्रॅमचं असताना! म्हणूनच स्पूल काठोकाठ भरायची हौस मला नाही. थोडा रिकामा दिसला तरी चालेल.

दुसरं कारण म्हणजे ताठपणा. जाड मोनो स्पूलवर पडून राहिला की वेटोळ्याचा आकार धरतो, आणि अंगठा जरा सैल पडला की उसळून बाहेर येतो. मग बसा गुंता सोडवत. बारीक तंगूस त्या मानाने शांत बसतो. पण त्याचाही गुंता होतोच, आणि झाला की नखाने सुटत नाही. ब्रेक थोडा जास्त ठेवा, आणि टेन्शनची चकती अशी आवळा की रीळ मोकळं सोडल्यावर आमिष सावकाश खाली उतरेल.

मग सहा पाउंडी का नको? कारण बेटकास्टरमध्ये स्पूलची कड आणि चौकट यांच्यात फट असते. पातळ तंगूस तिथे शिरला तर रीळ उघडल्याशिवाय निघत नाही, आणि निघतो तेव्हा खरवडलेला असतो. शिवाय मासा जोराने ओढतो तेव्हा वरचा फेर खालच्या फेऱ्यांत रुततो. पुढच्या फेकीला तो तिथेच अडतो आणि आमिष तुटून सुसाट कुठेतरी जातं. खास हलक्या आमिषासाठी बनवलेल्या रिळात फट कमी असते, त्यांची गोष्ट वेगळी. साध्या रिळावर ०.२८च्या खाली मी जात नाही. दुकानात ब्रेड, म्हणजे अनेक धाग्यांचा विणलेला तंगूस, गळ्यात मारायला बघतात, पण बारीक ब्रेड तर मोनोपेक्षाही जास्त रुततो.

भरतानाच घट्ट भरला की रुतणं कमी होतं. मी ओल्या फडक्यातून तंगूस ओढून घेतो, बायकोला समोर तंगुसाची गुंडी धरायला लावतो आणि तिची बोलणी खातो.

अमेरिकेतला बास आणि आपला चोणक यांत एक फरक मात्र विसरू नका. बासच्या तोंडात कापणारं काही नसतं, म्हणून ते लोक मुख्य तंगूसच थेट आमिषाला बांधतात. चोणकाच्या गालाची कड (रायगडवाले ज्याला जिताडा म्हणतात तोच हा मासा) सुरीसारखी असते. त्याने मान झटकली की ०.२८चा मोनो खलास. पुढे तीस पाउंडाचा लीडर, म्हणजे आमिषाआधीचा जाड तुकडा, लागतोच. तो वीतभरापेक्षा थोडा जास्त, पण एवढा आखूड ठेवायचा की गाठ काठीच्या टोकाबाहेर राहील. रिळाच्या पुढची ती इकडून तिकडे सरकणारी कडी असते ना, तिच्यातून गाठ गेली की प्रत्येक फेकीला टक्क वाजतं आणि गाठ झिजते. तंगूस आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ, आवळण्याआधी थुंकीने ओली करून. कोरडी आवळली की नायलॉन घर्षणाने तापतं आणि तिथेच कमजोर होतं.

तरीही कांदळवनाच्या मुळांत बारीक तंगूस फेकू नका. तांबोशी लागली की ती सरळ मुळांत घुसते आणि मुळांवर कालवं चिकटलेली असतात. तिथे जाड तंगूसच हवा. ०.२८ कामाला येतो तो मोकळ्या पाण्यात: खाजनाच्या (बांध घातलेल्या खाऱ्या शेताच्या) मानशीबाहेर, म्हणजे पाण्याच्या दाराबाहेर, सुकतीला पाणी सुटतं तिथे, किंवा कुंभारजुव्याच्या कालव्याच्या रुंद भागात. कालव्यावर जाणार असाल तर पाण्याच्या कडेला बसू नका, बांधावर उभं राहा. मगरी आहेत, आणि त्या आपल्या आधीपासून आहेत. दुर्भाट-बोरीकडे लोक चिखलाची मगर करून पुजतात ते उगाच नव्हे.

आपला ०.२८चा तंगूस दहा पाउंडाचा, आणि दहा पाउंड म्हणजे साडेचार किलो. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा तंगूस सोडणारा रिळाचा अडसर, त्याच्या पाव भागावर, म्हणजे एक किलोच्या जरा वर. टांगत्या वजनकाट्याला आमिषाची कडी अडकवून काठी वाकवून बघा, अंदाजाने आवळू नका. एवढ्या ड्रॅगवर चोणक बराच पळतो, पळू दे. मोनो ताणला जातो हा दोष म्हणून सांगतात, पण चोणक उडी मारून तोंड झटकतो तेव्हा तोच ताण गळ सुटू देत नाही. पाण्यावर चालणारं आमिष असेल तर मोनोच घाला. फ्लुरोकार्बन तंगुसाची घनता १.७८, तो बुडतो आणि आमिषाचं नाक खाली ओढतो.

नायलॉनला ऊन सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या काचेमागे रीळ ठेवाल तर तंगूस हाताला कोरडा, खरखरीत लागेल. पांढरट डाग किंवा ओरखडा दिसला की तिथून आमिषाकडचा तुकडा कापायचा, जीव खालीवर करायचा नाही. मी फिरून आल्यावर शेवटचे दोन-तीन हात बोटांच्या चिमटीतून ओढून बघतो. डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं.

पावसाळा लागला, १ जूनला ट्रॉलर बंद झाले आणि नदीचं पाणी तांबडं झालं की मी ०.२८ काढून ०.३५ चढवतो. गढूळ पाण्यात माशाला तंगूस दिसायचा प्रश्नच नसतो, आणि वाहत आलेल्या झावळ्या-ओंडक्यांत बारीक टिकत नाही. पाणी निवळलं की परत बारीक, तोही नवा. ३०० मीटरची गुंडी घेतली तर तीनदा भरून होते, त्यामुळे जुना जपून ठेवण्याची गरज नाही. काढलेल्याचे कात्रीने बोटभर तुकडे करा आणि घरच्या कचऱ्यात टाका. बांधावर सोडलात तर खाजनात उतरणाऱ्या बगळ्यांच्या पायांत अडकतो.