चिठ्ठीत निघाला युरेनस

तन्वीच्या शाळेत सातवीला एक प्रोजेक्ट असतो, प्रत्येकाने एक ग्रह घ्यायचा आणि आजूबाजूच्या लोकांना त्याबद्दल काय विचारावंसं वाटतं ते प्रश्न गोळा करून उत्तरं लिहायची. अट एकच, प्रश्न खऱ्या माणसांनी विचारलेले पाहिजेत, मोबाईलवरून उतरवलेले नाही चालणार. चिठ्ठ्या टाकल्या, कुणाला शनी, कुणाला मंगळ, ते सगळे खूष, आमच्या बाईसाहेबांना युरेनस. घरी आली ती तोंड पाडूनच. "आई, हा तर दिसतसुद्धा नाही, लोक काय विचारणार याच्याबद्दल?"

मी म्हटलं दिसतो गं. कॉलेजात असताना आकाशदर्शनाच्या ग्रुपबरोबर एकदा पाहिलेला होता. तेव्हाच ठरवलं की आधी हिला तो दाखवायचा आणि मग वही उघडायची.

पण प्रश्न काही आमच्यासाठी थांबले नाहीत. इंदूरला आमच्या सुदामा नगरात संध्याकाळी भाजीचा ठेला येतो तिथपासून सुरुवात झाली, भाजीवाले भैया म्हणे, "उधर पानी है क्या?" वॉचमन काकांनी विचारलं कुणी गेलंय का तिथे. मावशीचा प्रश्न, तो निळा का. बिल्डिंगमधल्या पोरांना फक्त एवढंच हवं होतं की तिथे वास कसला येतो, का ते मला विचारू नका. आणि आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हर्षल म्हणतात तो हाच ना? मग नवग्रहांत का नाही?" आता अण्णांना उत्तर द्यायचं म्हणजे तयारी लागते, त्यांना अर्धवट चालत नाही.

नोव्हेंबर 2025 ची गोष्ट आहे. नशीब असं की 21 तारखेला युरेनस सूर्याच्या बरोबर समोर येणार होता, म्हणजे सूर्य मावळला की हा उगवणार आणि रात्रभर आकाशात, आणि 20 ला अमावास्या (आपली कार्तिकातली, शेजारच्या भाभी तिलाच अगहन महिन्यातली म्हणतात). जागाही सोपी. कृत्तिकांचा पुंजका सगळ्यांना माहीत असतो, रात्री नऊच्या सुमाराला पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की कृत्तिकांच्या उजवीकडे साधारण साडेचार अंशांवर. हात लांब करून तीन बोटं धरा, तेवढंच अंतर.

पहिला प्रयत्न गच्चीवरून, दोन्ही डोळ्यांना लावायची साधी 10×50 ची (दहा पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण घेऊन. गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी कृत्तिकाच जेमतेम चार-पाच दिसतात, सगळा रिंग रोडचा उजेड. दुर्बिणीतून मात्र तिथे दोन मंद तारे जवळजवळ दिसले, वृषभेतले 13 आणि 14 नंबरचे, आणि त्यांच्या खालच्या बाजूला तिसरा ठिपका, जवळपास तेवढाच उजळ. तन्वी म्हणाली यातला कुठला? ॲपने सांगितलं असतं पटकन, पण मी फोन खिशातच ठेवायला लावला. वहीत गोल काढला, त्यात तिन्ही ठिपके जसे दिसले तसे मांडले, बाजूला तारीख. दहाबारा दिवसांनी परत तोच गोल काढायचा, जो जागचा हलला तो ग्रह. बास, एवढंच. शोध लावणाऱ्यानेही शेवटी हेच पाहिलं होतं.

ती गोष्ट मी तिला तिथेच चटईवर सांगितली. विल्यम हर्शेल हा मूळ जर्मनीतला, इंग्लंडात बाथ गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, संगीत शिकवून पोट भरायचा, आणि रात्री घरामागच्या बागेत स्वतः घासलेल्या आरशांची दुर्बीण लावून बसायचा, बहीण कॅरोलाइनही याच नादातली. 13 मार्च 1781 ला त्याला एक तारा बाकीच्यांपेक्षा जाड दिसला, मोठं भिंग लावलं तर आणखी जाड, तारे असे होत नाहीत. काही रात्रींनी पाहिलं तर तो सरकलेला. त्याला वाटलं धूमकेतू असेल, बाकीच्यांनी गणित मांडलं तेव्हा कळलं की हा शनीच्याही पलीकडचा ग्रह आहे. बिचाऱ्याने राजाला खूष करायला जॉर्जचं नाव द्यायचं ठरवलं होतं, ते चाललं नाही, पण आपल्याकडे पंचांगवाल्यांनी शोधणाऱ्याचंच नाव ग्रहाला देऊन टाकलं.

म्हणजे अण्णांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं. नवग्रह ठरले तेव्हा हा माहीतच नव्हता. आपल्या शेजारी उज्जैनला राजा जयसिंहाने एवढी वेधशाळा बांधली, अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, तेव्हाही शनी हाच शेवटचा ग्रह. अण्णा म्हणाले, "पण तू म्हणतेस नुसत्या डोळ्यांनी दिसतो, मग इतकी हजार वर्षं कुणाला दिसला नाही?" दिसला असणार हो, पण तारा समजून सोडून दिला. फ्लॅमस्टीड नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने तर 1690 मध्ये त्याची नोंदही केली, वृषभेतला 34 नंबरचा तारा म्हणून, आणि पुढे गेला. त्याची प्रत (आकडा जितका मोठा तितका मंद) 5.7 च्या आसपास, चांगल्या डोळ्यांची हद्द 6, चालही इतकी धीमी की पुन्हा पुन्हा बघितल्याशिवाय संशयच येत नाही.

यावर अण्णा उठले आणि कपाटातून स्वतःची जन्मपत्रिका घेऊन आले. जन्म 1942 चा, कागद घडीवर फाटलेला, शाई तपकिरी झालेली, आणि कुंडलीत वृषभेच्या घरात बारीक अक्षरात "ह". मी बघतच राहिले. युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला 84 वर्षं लागतात, म्हणजे अण्णा जन्मले तेव्हा तो जिथे होता तिथेच आता फिरून आलाय, कृत्तिकांच्या बाजूला. आणि फ्लॅमस्टीडपासून धरलं तर ही चौथी फेरी पुरी होतेय. माझा पत्रिकेवर काडीचा विश्वास नाही, पण ग्रह कुठे होता याची नोंद म्हणून ती बरोबर निघाली हे मान्य करायलाच पाहिजे. अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन झालंच आहे, आता म्हणतात युरेनसचं एक वर्ष पुरं करतो. हर्शेल स्वतः 83 वर्षं जगला, त्याचं थोडक्यात हुकलं.

नुसत्या डोळ्यांनी दिसतो हे लिहायचं तर आपण बघितलं पाहिजे ना, म्हणून 22 तारखेच्या शनिवारी जानापावकडे निघालो. महूच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी ओळखीच्यांचं शेत आहे तिथे. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राने सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे आरशाचा टेलिस्कोप दिलेला, तो मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून, आणि तन्वी त्याला धरून. महूला थांबून पोहे खाल्ले, जीरावन मसाला मारून, अण्णांनी दोनदा घेतले. थंडी म्हणजे भिया काय सांगू, मंकी कॅप घालून पण कान दुखत होते.

साडेनऊला दुर्बीण लागली. मी तन्वीला म्हटलं, आत्ता जो उजेड तुझ्या डोळ्यात शिरतोय ना, तो तिथून निघाला तेव्हा आपण महूला पोहे खात होतो. अंतर त्या रात्री साधारण 277 कोटी किलोमीटर, प्रकाशाला अडीच तास लागतात. हे आकडे वहीत कोरडे वाटत होते, शेतात उभं राहून ऐकल्यावर ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "म्हणजे तो आत्ता तिथे आहे का नाही हे आपल्याला माहीतच नाही?" हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, वहीत तिच्या नावावर लिहिला.

दीडशे पट मोठं केल्यावर तो ठिपका राहिला नाही, बारीकशी चकती झाली, कडा हवेमुळे थरथरत होत्या, रंग फिका हिरवट-राखाडी. पोस्टरवर असतो तसा गडद निळा नाही. मावशीला सांगायचं उत्तर असं की वरच्या हवेत मिथेन असतो, तो सूर्यप्रकाशातला लाल भाग गिळतो आणि उरलेला निळा-हिरवा परत येतो. नेपच्यून खूप निळा आणि हा फिका असं जे चित्रांत दाखवतात तेही फार खरं नाही, 2024 मध्ये जुने फोटो नीट तपासले तेव्हा दोघांत फरक थोडासाच निघाला.

आणि नुसते डोळे? मला नाही दिसला. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांनी दुर्बिणीतच समाधान मानलं. तन्वीला मी सांगितलं सरळ बघू नकोस, थोडं बाजूला बघ, अंधारात डोळ्याचा कडेचा भाग जास्त पकडतो. बराच वेळ "आहे... गेला... आहे" चाललं आणि मग तिने बरोबर जागा बोटाने दाखवली. टॉर्चला लाल जिलेटीन लावून वहीत गोल काढला, दोन तारे आणि तिसरा ठिपका, आणि गच्चीवरच्या गोलाशेजारी धरला. तिसरा त्या दोघांकडे सरकला होता, मोजपट्टी लागलीच नाही. डिसेंबरात तर तो अगदी त्यांच्याजवळ जाऊन बसला.

बाकीची उत्तरं मग परत येताना गाडीतच झाली, कारण आता विचारणारी माणसंही बदलली होती, अण्णाच जास्त विचारत होते. याला आइस जायंट म्हणतात म्हणून सगळ्यांना वाटतं बर्फाचा गोळा. तसं नाही. वर हायड्रोजन आणि हेलियमची जाड हवा, त्याखाली पाणी, अमोनिया, मिथेन यांचं प्रचंड दाबाखालचं गरम, घट्ट मिश्रण, त्याला शास्त्रज्ञ बर्फ म्हणतात ते त्यांच्या भाषेत. उभं राहायला जमीनच नाही. भाजीवाले भैयांना तन्वीने सांगितलं, "पानी है भैया, पर हजारों डिग्री गरम." वरच्या हवेत मात्र उणे 224 पर्यंत पारा उतरतो.

वासाचं उत्तर पोरांनी डोक्यावर घेतलं. हवाईमधल्या जेमिनी दुर्बिणीने 2018 मध्ये तिथल्या ढगांत हायड्रोजन सल्फाइड पकडला, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. अर्थात हुंगायला कुणी जिवंत राहणार नाही हा भाग त्यांनी ऐकलाच नाही.

युरेनस आडवा होऊन का फिरतो, यावर मात्र पक्कं कुणीच सांगू शकत नाही. त्याचा आस 98 अंश कललेला, लोळत लोळत सूर्याभोवती फिरतो, त्यामुळे ध्रुवावर 42 वर्षं उजेड आणि 42 वर्षं अंधार. फार पूर्वी एखादा मोठा पिंड आदळला असावा असं मानतात.

अण्णांना सगळ्यात आवडलं ते युरेनसभोवतीच्या कड्यांचं. 10 मार्च 1977 ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता, अमेरिकन लोक विमानात दुर्बीण बसवून हिंदी महासागरावर उडत होते, आणि इकडे तामिळनाडूत कावलूरच्या वेधशाळेतही आपले लोक डोळे लावून बसले होते. ग्रह ताऱ्याला झाकायच्या आधीच तारा मिणमिणला. अमेरिकनांना असं बरेचदा दिसलं, ग्रहाच्या दोन्ही बाजूंना सारखंच, त्यावरून कडी आहेत हे कळलं, आता 13 माहीत आहेत. कावलूरला पण मिणमिण नोंदली गेली होती. अण्णा लगेच, "हे पहिल्या पानावर लिही." लिहिलं.

वॉचमन काकांना उत्तर, गेलंय ते एकच यान, व्हॉयेजर 2, 24 जानेवारी 1986 ला जवळून निघून गेलं, थांबलं नाही. त्यानंतर कुणी नाही. 2022 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पुढचं मोठं यान इथेच पाठवा अशी शिफारस केलीय, पण ते अजून कागदावरच आहे. चंद्र मात्र वाढतच चाललेत, 2025 मध्ये अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने आणखी एक शोधला, आता 29.

ज्यांना बघायचाय त्यांच्यासाठी: ऑनलाइन मिळणारे "450 पट" वाले खेळण्यातले टेलिस्कोप घेऊ नका, स्टँड इतका हलतो की चंद्रसुद्धा धड दिसत नाही, त्यापेक्षा चांगली 10×50 ची दुर्बीण परवडते. यंदा म्हणजे 2026 मध्ये तो समोर येतोय 25 नोव्हेंबरच्या आसपास, पण 24 ला पौर्णिमा आहे, तेव्हा चांदण्यात नुसत्या डोळ्यांनी काही दिसणार नाही. त्याआधी दिवाळीनंतरचा आठवडा धरा, 9 ला अमावास्या आहे, फटाक्यांचा धूर जरा बसला की गावाबाहेर जा. तेव्हा तो कृत्तिका आणि रोहिणीच्या मधे असेल, 13-14 नंबरच्या जोडीजवळ शोधू नका. रात्री बाराच्या सुमाराला अगदी डोक्यावर येतो, मान मोडते, चटई आणि दोन उशा न्याच.